आप्पा, जरा बाजूला सरका

"चेंडू मारायच्या आधी तुम्ही कोणाशी बोलता?"

प्रश्न खरं तर कौसल्याचा नव्हताच. प्रश्न गंगीनं काढला होता आणि पैज वच्छलेनं लावली होती. शाळा सुटली की तिघी यवतमाळच्या बाहेरच्या गोल्फच्या मैदानाच्या कडेकडेनं घरी निघायच्या, आणि रोज तो म्हातारा दिसायचा. पांढरी विजार, डोक्यावर उन्हाची टोपी, एवढ्या मोठ्या पिवळ्या माळावर एकटाच. दांडा धरून चेंडूपाशी उभा राहायचा, मान खाली घालायचा आणि त्याचे ओठ हलायचे. मग दांडा फिरायचा.

गंगीचं म्हणणं, तो मंत्र म्हणतो. वच्छलेचं म्हणणं, तो वेडा आहे, तीस वर्षं मोठ्या शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात होता. तिथे तो डॉक्टर होता एवढं मात्र ती सांगायची नाही.

"कौसे, तू तं मैदानातच राह्यतं," गंगी म्हणाली. "तुले भेव कायचं? विचारून दाखव. होळीपर्यंत तुहं दप्तर आमी उचलू."

दोघींना पक्की खात्री होती की कौसल्या विचारणार नाही. कौसल्या वर्गात कधी तोंड उघडत नसे. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, तिच्या हातात दप्तर होतं ते तिनं गंगीच्या खांद्यावर अडकवलं, तारेखालून वाकून आत शिरली आणि सरळ म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. विचारून झाल्यावर तिची तिलाच भीती वाटली.

सदाशिवराव डॉक्टरांनी दांडा जमिनीला टेकला. रागावले नाहीत.

"आप्पांशी," ते म्हणाले.

कौसल्यानं इकडे तिकडे पाहिलं. माळावर दोन टिटव्या होत्या आणि लांब एक लाल झेंडी.

"आप्पा कोण?"

"माझे वडील. वारले त्याला एकतीस वर्षं झाली." त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "मी सात वर्षांचा असताना मला पाहुण्यांसमोर श्लोक म्हणायला उभं केलं. तिसऱ्या ओळीला अडकलो. आप्पा बोलले काहीच नाहीत. उपरणं सारखं केलं आणि भिंतीकडे बघत बसले. तेव्हापासून मी काही करायला उभा राहिलो की आप्पा येतात. या खेळात तर चेंडू जिथे घालायचा, नेमके त्या झेंडीखालच्या खळगीच्या मागे येऊन उभे राहतात. मी म्हणतो, आप्पा, जरा बाजूला सरका."

"मग सरकतात?"

"लांबच्या फटक्याला सरकतात. हातभर अंतर राहिलं की नाही सरकत."

तारेपलीकडे गंगी आणि वच्छला तोंडावर हात धरून उभ्या होत्या. कौसल्याला हसू आलं नाही. तिला एकदम वाटलं, हे आपल्याला माहीत आहे.

कारण तिच्याही आत एक होती. केळापूरकडच्या त्यांच्या जुन्या गावात पहिली-दुसरीची शाळा तिनं दाराशी, पोत्यावर बसून केली होती. मास्तर आतल्या पोरांना प्रश्न विचारायचे. दाराशी बसलेलीला कधी विचारला नाही. तिला सगळी उत्तरं यायची आणि ती सगळी तशीच पोटात राहायची. छप्पन साली बाबा आणि माय नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्यावर बाबांनी गावकीचं काम सोडलं, आणि पुढच्या दोन वर्षांत गावही सोडलं. मैदानावर राखणीची जागा मिळाली, टिनाची एक खोली मिळाली. आता कौसल्या हायस्कुलात दहावीला होती, बाकावर बसत होती, पुढून दुसऱ्या. पण मास्तरांनी प्रश्न विचारला की आतली ती पुन्हा दाराशी जाऊन बसायची, पाटी मांडीवर घेऊन, ओठ मिटून.

हे तिनं डॉक्टरांना तिसऱ्या दिवशी सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्या हातात दांडा दिला होता. तिचा पहिला फटका असा काही गेला की टिटव्या ओरडत उठल्या. दुसरा फटका चेंडूला लागलाच नाही.

"पहिला कोणी मारला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच."

"आणि दुसरा?"

"दुसरा, पहिला पाहून जी खूश झाली, तिनं मारला."

डॉक्टरांनी तिच्या हातातून दांडा घेतला. मग म्हणाले, "तीस वर्षं मी मोठमोठ्या माणसांकडून एवढं उत्तर काढू शकलो नाही."

मग रोजचंच झालं. शाळा सुटली की कौसल्या दांड्यांची पिशवी खांद्याला मारायची आणि डॉक्टरांबरोबर नऊच्या नऊ खळग्या फिरायची. गंगी आणि वच्छला चार दिवस तारेपाशी थांबल्या, पाचव्या दिवशी थांबल्या नाहीत. दप्तर उचलायची पैज तशीच राहून गेली. संध्याकाळी मैदानावर तीनच माणसं. पुढे डॉक्टर, मागे कौसल्या, आणि लांब कुठेतरी फळी घेऊन बाबा.

बाबांचं, म्हणजे उकंडाचं, सगळं काम त्या फळीचं. यवतमाळच्या मुरमाड माळावर हिरवळ कुठून टिकणार? म्हणून प्रत्येक खळगीभोवती चाळलेल्या वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून गोल अंगण केलेलं. त्याला सगळे ब्राऊन म्हणायचे. त्या काळपट वाळूवर बूट उमटायचे. खेळणारा पुढे गेला की उकंडा लांब दांडीची फळी खळगीपासून बाहेर बाहेर फिरवायचा, आणि ब्राऊन पुन्हा कोरं. कोणी चाललं होतं हे कळूच नये असं कोरं. सगळं जिथल्या तिथं सपाट. जिनिंगवाले साहेब रविवारी खेळायला येत, ते म्हणायचे, उकंडाच्या ब्राऊनवर पारा ठेवला तर हलणार नाही. हे वाक्य उकंडानं मायला इतक्या वेळा सांगितलं होतं की माय ते त्याच्या आधी म्हणून टाकायची.

चालता चालता डॉक्टर बोलायचे. माणसाचं मन कसं असतं ते सांगायचे. "कापसाची गठाण पाहिलीस ना? वरून बघ, पोलादी पट्ट्यांत आवळलेली, चौकोनी, शहाणी. एक पट्टी तोड, मग बघ किती फुगते. खोली भरते. आम्ही डॉक्टर लोक पट्ट्या तोडायचो. काही वेळा पुन्हा बांधता यायची नाही."

"मग माह्या आतल्या पोरीचं काय कराचं? तिलेही बाजूला सरक म्हणू?"

"करून बघ."

कौसल्यानं करून पाहिलं. भूगोलाच्या तासाला तिनं आतल्या पोरीला सरक म्हटलं, तर ती आणखीच अंग चोरून बसली. मग दुसऱ्या दिवशी कौसल्यानं तिला वेगळंच सांगितलं. म्हटलं, अगं, दारात काहून बसली? तूही आत ये. जागा आहे. आणि हात वर केला. मास्तरांनी दचकून विचारलं, "कौसल्या? काय, बाहेर जायचंय?" तिनं पैनगंगेच्या उपनद्या घडाघडा सांगितल्या. त्या दिवसापासून ती थांबेचना. इतकी बोलायला लागली की महिन्याभरात मास्तरच तिला "बस गं माय आता" म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. तीही हसली. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत.

"आत ये म्हणालीस?" त्यांनी दोनदा विचारलं. "मला हे कधी सुचलं नाही."

डॉक्टरांचा स्वतःचा हिशेब मात्र जिथल्या तिथे होता. नऊ खळग्यांना सत्तेचाळीस फटके, हा त्यांचा पाच वर्षांतला सर्वांत चांगला दिवस. लांबचे फटके बरे जायचे. ब्राऊनवर आले की हात कापायचा. हातभर अंतरावरून चेंडू खळगीला वळसा घालून जायचा आणि डॉक्टर म्हणायचे, "आले." रोज नवव्या खळगीवरून ते बंगल्याकडे चालायला लागत तेव्हा पाठ वाकलेली असे. बंगल्यात कोणी नव्हतं. बाई वारून नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. स्वयंपाकीण तानाबाई दुपारीच झाकपाक करून जाई.

उकंडा ती पाठ रोज बघायचा.

माघ संपता संपता बातमी आली. मैदान होळीनंतर सरकारी रोपवाटिकेला जाणार. झेंड्या निघणार, वाळू निघणार. उकंडाला डॉक्टर म्हणाले, "काळजी करू नकोस, रोपवाटिकेच्या साहेबाला मी चिठ्ठी देतो. माळ्याची जागा तुला मिळेल." मग माळाकडे बघून म्हणाले, "एकदा तरी आप्पांशिवाय खेळायचं होतं. राहिलंच."

चार दिवसांनी तो मंगळवार आला.

पहिल्या खळगीलाच डॉक्टरांचा चेंडू ब्राऊनच्या कडेला पडला. सहा पावलांवर. त्यांनी मान खाली घातली, ओठ हलवले, आणि ढकलला. चेंडू जरा वाकडा निघाला. मग वळला. हळूहळू, जणू कोणी बोट धरून नेतंय तसा, खळगीत जाऊन पडला. टक्.

कौसल्या झेंडी लावायला वाळूवर गेली आणि तिच्या तळपायाला काहीतरी कळलं. ब्राऊन सपाट नव्हतं. कडेला वाळू चढलेली, मध्ये उतरलेली. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतकी थोडी. परातीसारखी.

दुसरं ब्राऊन तसंच. तिसरंही.

तिनं मान वर करून पाहिलं. लांब शेडपाशी बाबा फळी घेऊन उभे होते. तिनं पाहिलं तसं त्यांनी तोंड फिरवलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पुढे कितीदा तरी तिला हेच वाटलं. एक वाक्य पुरलं असतं. पण चौथ्या खळगीपाशी डॉक्टर तिच्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा तिनं कधी न पाहिलेला होता, सात वर्षांच्या पोरासारखा. हळूच म्हणाले, "कौसल्या, आज आप्पा आले नाहीत." आणि इतके दिवस वर्गभर धावणारी तिच्या आतली पोर उठली, दाराशी गेली, पाटी मांडीवर घेऊन ओठ मिटून बसली.

पाचव्या खळगीला मध्ये नाला पडायचा. तिथे डॉक्टरांचा चेंडू नेहमी नाल्यात जाई. त्या दिवशी दांडा असा फिरला की आवाजच वेगळा आला, आणि चेंडू नाल्यावरून, पळसांवरून, थेट ब्राऊनच्या तोंडाशी. सातव्याला तोच नाला पुन्हा आडवा यायचा, तिथेही तसाच; आठव्याला तर त्याहूनही लांब. ओठ हलत नव्हते. नववी खळगी झाली तेव्हा सदतीस फटके झाले होते. सदतीस. डॉक्टर वाळूत खाली बसले. विजारीला तेल लागलं, भान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नऊच्या नऊ ब्राऊन पुन्हा सपाट केले. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत.

चौथ्या दिवशी कौसल्या बंगल्यावर गेली. ते टेबलाशी बसले होते, समोर वही. त्या सदतीस फटक्यांवर त्यांनी बावीस पानं लिहिली होती. पुण्याला त्यांचे एक जुने सोबती होते. तेही मनाचे डॉक्टर, आणि सदाशिवरावांच्या आप्पा-प्रकरणाला वीस वर्षं हसत आले होते. त्यांना हे पाठवायचं होतं.

"माझं अक्षर त्याला लागत नाही," ते म्हणाले. "तुझं मोत्यासारखं आहे. उतरवून देशील?"

ती रोज शाळा सुटल्यावर उतरवायला लागली. खोलीत घड्याळाचा आवाज आणि तिच्या टाकाचा. पूर्वी हा माणूस माळावर एकटा असूनही सारखा कोणाशी तरी बोलत असायचा. आता खुर्चीत बसून राहायचा. तानाबाईचं जेवण झाकलेलंच असायचं.

"मैदानात येत नाही तुम्ही," ती एकदा म्हणाली. "झेंड्या निघतील आता."

"कशाला यायचं? झालं ते." मग म्हणाले, "खरं सांगू? फार शांत वाटतंय. एकतीस वर्षं त्यांना सरका म्हणालो. आता बोलायला कोणीच उरलं नाही."

कौसल्यानं मान खाली घातली आणि पुढची ओळ उतरवायला घेतली. अठराव्या पानावर ती ओळ होती: चेंडू आपण होऊन खळगीकडे वळला, जणू माझ्या मनात काय आहे ते जमिनीलाच कळलं. 'जमिनीलाच' इथे टाक थांबला. शाईचा थेंब जमला, फुगला आणि पानावर पडला.

"हात दुखतोय," ती म्हणाली आणि उठली.

घरी जाताना ती मुद्दाम मैदानातून गेली. नवव्या ब्राऊनवर उभी राहिली. पारा हलणार नाही इतकं सपाट. तिनं मनातल्या मनात तो मंगळवार पुन्हा चालून काढला, एकेक खळगी. कुठे चेंडू परातीनं ओढला, कुठे डॉक्टरांनी मारला. सत्तेचाळीस आणि सदतीस, दहांचा फरक. सहा बाबांच्या फळीचे, तिनं ठरवलं. पण नाल्यावरचे दोन, आठव्याचा तो लांबचा आणि पहिल्याचा सुरुवातीचा, हे चार कोणत्याही परातीनं होत नाहीत. ते चार त्यांचेच. कागदावर मात्र सगळे एकत्र कालवले होते, वाळू आणि तेल कालवतात तसे.

दिवस कलला होता. खोलीत माय, तुळसाबाई, भाकरी थापत होती. बाबा दाराशी बसून फळीला नवीन दांडी ठोकत होते, होळीनंतर तिचं काहीच काम नव्हतं तरी.

"बाबा," ती म्हणाली, "तुमी ब्राऊन परातीवानी काहून केलं?"

हातोडी थांबली. मायनं मागे वळून पाहिलं. तिला माहीत होतं हे कौसल्याला त्यावरून कळलं.

"तू पाह्यलं तं तवाच बोलाचं होतं," बाबा म्हणाले.

"नाई बोलली. माह्यं चुकलं. आता इचारून राह्यली."

बाबांनी हातोडी बाजूला ठेवली. "पाच वर्सं त्या मानसाची पाठ पाह्यली मी. आपल्या घरी येऊन तुह्या मायची नाडी पाह्यली त्यानं, खाटेवर बसून, आपल्या गिलासानं पानी पेऊन. मले काय येते त्याले द्याले? फळी येते. देल्ली."

"पाहा बरं, पोराच्या हातात चेंडू नेऊन द्यावा तसं," माय म्हणाली. "मी तवाच म्हनलं होतं यायले."

"तू म्हनली होती, सगळ्याच खळग्या करा, एकच केली तं समजून जाईन."

"मी कवा म्हनलं?"

कौसल्याला हसू येता येता राहिलं. "तो मानूस घरात एकटा बसून हाये, बाबा. जेवत नाई. पुन्याले पत्र जाऊन राह्यलं, त्यात लेहून हाये का जमिनीले माह्या मनातलं समजलं. जमिनीले नाई समजलं. तुमाले समजलं होतं. ते कोनी सांगतलंच नाई त्यायले."

हे मायच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. भाकरी तव्यावर करपली.

"अन् चिठ्ठी?" ती म्हणाली. "रोपवाटिकेची चिठ्ठी अजून देली नाई त्यानं. राग आला तं? पुन्हा गावात जाचं काय आपन? त्याच दाराशी?"

बाहेर अंधारात झेंड्या एकेक करून दिसेनाशा होत होत्या. कौसल्याच्या आत ती पोर दाराशी बसलेलीच होती. या वेळी कौसल्या तिला काही म्हणाली नाही. तिच्याजवळ जाऊन बसली. मग दोघी उठल्या.

तिनं बाबांच्या हातातली फळी घेतली, भिंतीला लावून ठेवली आणि दोघांसमोर उभी राहिली, पहिल्या दिवशी डॉक्टरांसमोर राहिली होती तशी.

"मी उद्या शाळा सुटली का बंगल्यावर जाऊन सांगनार आहो," ती म्हणाली. "सगळं. सहा फटके माह्या बाबाचे होते, चार तुमचे, अन् चुप राह्यली ते माह्यं. चिठ्ठी राह्यली तं राह्यली. मंग म्हननार आहो, झेंड्या निघाच्या पह्यले एक डाव खेळा. ब्राऊन मी सोता सपाट करतो. अन् आप्पाले बाजूले सरका म्हनू नोका, त्यायलेही घेऊन या. बाबा, तुमीही या संगं. फळी घेऊन नाई. पाह्याले या."